जोडाखालचं चित्र

ओहायो नदीच्या काठी अमेरिकेत सिनसिनाटी नावाचं शहर आहे. २४ सप्टेंबर १८४८ रोजी चार्ल्स फॉन्टेन आणि विल्यम पोर्टर या दोन छायाचित्रकारांनी नदीच्या पलीकडून, केंटकीतल्या न्यूपोर्टमधून, या शहराचा सुमारे दोन मैलांचा नदीकाठ टिपला. फिल्म तेव्हा जन्मायची होती. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट चित्र उमटवायची डॅगेरोटाइपची पद्धत होती, आणि एका पत्र्याची एकच प्रत निघायची. साडेसहा बाय साडेआठ इंचांचे असे आठ पत्रे त्यांनी एकामागून एक घेतले आणि शेजारी शेजारी बसवले.

चित्राची तारीख पुढच्या अभ्यासकांनी काढली ती धक्क्याला लागलेल्या आगबोटींवरून. कुठली बोट कधी आली, कधी सुटली याच्या नोंदी होत्या. त्या सगळ्या बोटी एकत्र उभ्या असलेला दिवस शोधला. वेळ कळायला मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळ गेला. रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउस या संग्रहालयात हे पत्रे जतनाच्या कामासाठी आले होते. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली एका चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ वाचता आलं. पत्र्यावर त्या घड्याळाची तबकडी जेमतेम एक मिलिमीटरची. काटे एक वाजून पंचावन्न मिनिटं दाखवत होते.

ही हकिगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या मनात लगेच आलं, की एक पंचावन्न ही वेळ एका पत्र्याची. उरलेले सात पत्रे त्याच्या आधीचे किंवा नंतरचे. पत्रा बदलायचा, कॅमेरा थोडा वळवायचा, पुन्हा नेम धरायचा, पुन्हा झाकण काढायचं. डावीकडच्या टोकापासून उजवीकडच्या टोकापर्यंत नजर फिरवताना आपण नदीच्या कडेने जातो तसे घड्याळातूनही जात असतो. जोडून केलेल्या प्रत्येक रुंद चित्रात हे असतं.

मला हे चटकन जाणवलं त्याचं कारण माझी नोकरी. पाटबंधारे खात्यात मी अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. ऐंशीच्या दशकात धरणाच्या जागेचं सर्वेक्षण व्हायचं तेव्हा नकाशांबरोबर दरीचे फोटोही यायचे. शाखा अभियंता याशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा घेऊन टेकडीवर उभा राहायचा आणि एका बाजूच्या डोंगरापासून दुसऱ्या बाजूच्या डोंगरापर्यंत फोटो काढत जायचा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. रोल बहुधा उटकमंडच्या कारखान्यातला ‘इंदू’. प्रिंट धुऊन आल्या की त्या जोडायचं काम माझ्या टेबलावर यायचं. हाताशी स्टीलची पट्टी, ब्लेड, रबर सोल्यूशन आणि एक जाड पुठ्ठा.

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात ही कला शिकवणारं पुस्तक नव्हतं. हेड ड्राफ्ट्समननी सांगितलेले दोन नियम होते. पहिला असा, की जोड कधी सरळ रेषेत घ्यायचा नाही. डोळा सरळ रेघ लगेच पकडतो, म्हणून ब्लेड बांधाच्या कडेने, ओढ्याच्या वळणाने, झाडोऱ्याच्या काठाने न्यायचं. दुसरा असा, की ब्लेड घरावरून न्यायचं नाही. घर एका तुकड्यात अख्खं ठेवायचं, मग शेजारच्या तुकड्यातलं तेच घर झाकलं गेलं तरी चालेल. वरचा कागद मागच्या बाजूने पॉलिश पेपरने घासून कडा पातळ करायची, की सावली पडत नाही. काम जमलं की साहेब पुठ्ठा लांब धरून बघायचे आणि जोड कुठे आहे ते विचारायचे. त्यांना तो सापडला नाही तर दिवस चांगला गेला असं मी समजायची.

या कामाचा मूळपुरुष एक चित्रकार होता. रॉबर्ट बार्कर मूळचा आयर्लंडचा, राहायला एडिंबरात. त्या शहरातल्या कॅल्टन हिलवर उभं राहून चहूबाजूंचा देखावा एकाच चित्रात आणायची कल्पना त्याला सुचली आणि १९ जून १७८७ ला तिचं पेटंट त्याच्या नावावर लागलं. पॅनोरमा हे नाव त्या चित्रांना काही वर्षांनी मिळालं. त्याची रीत आजच्या डिजिटल रीतीशी इतकी जुळते, की वाचताना नवल वाटतं. जागा एकच धरायची. समोर एक चौकट रोवायची, तिच्यातून दिसेल तेवढं काढायचं, मग चौकट वळवून पुढचा भाग काढायचा, असं करत पूर्ण फेरी पुरी करायची. रेखाटनात त्याचा बारा वर्षांचा मुलगा हेन्री हाताशी होता. पुढची अडचण भूमितीची. सपाट कागदावरचे हे तुकडे गोल भिंतीवर लावले की सरळ रस्ते आणि इमारतींच्या आडव्या कडा भलतीकडेच वाकतात. कुठली रेघ किती वाकवून काढली म्हणजे गोल भिंतीवर ती सरळ दिसेल, हे बार्करला बसवावं लागलं. आज संगणकावर ‘सिलिंड्रिकल’ हा पर्याय निवडताना आपण त्याचीच आकडेमोड यंत्राकडून करून घेतो.

१७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरला बार्करची गोल इमारत उघडली. लोक पैसे देऊन अंधाऱ्या वाटेने आत जायचे आणि मधल्या चौथऱ्यावर आले की भोवती अख्खं शहर उभं असायचं. पुढे ही इमारत रॉबर्ट बरफर्डकडे आली. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने लंडनकरांना दाखवलेल्या देखाव्यांत मुंबई बेट आणि बंदराचाही देखावा होता. मुंबईत रेल्वे यायच्या वीस वर्षं आधी लंडनमधली माणसं शिलिंग मोजून मुंबईच्या मधोमध उभी राहत होती, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

छायाचित्रण आल्यावर दोन वाटा फुटल्या. एक वाट कॅमेऱ्यालाच फिरतं करायची. पॅरिसमधल्या फ्रीडरिश फॉन मार्टेन्सने १८४४-४५ च्या सुमारास भिंग फिरणारा कॅमेरा आणि वाकवलेला पत्रा वापरून एकाच पत्र्यावर सुमारे दीडशे अंशांचं पॅरिस घेतलं. दुसरी वाट तुकडे जोडायची, आणि माझा जीव तिच्यात आहे.

आपल्याकडे ही दुसरी वाट फार लवकर आली. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ मध्ये, फेलिचे बिआतो भारतात आला आणि त्याने लखनौ मोठ्या इमामबाड्यावरून, तर दिल्ली जामा मशिदीवरून तुकड्यातुकड्यांनी घेतली. या चित्रांकडे मी नोकरीच्या डोळ्यांनी बघते. दोन प्रिंटांच्या मधली रेघ स्पष्ट दिसते, आभाळाचा रंग एका तुकड्यात उजळ आणि शेजारच्यात मळकट. पण त्याच चित्रांत जी दिल्ली दिसते ती पुढे थोड्याच काळात तशी राहिली नाही. मशीद आणि किल्ल्याच्या मधली दाट वस्ती इंग्रजांनी पाडून मोकळं मैदान केलं. नोंद म्हणून त्या मळकट आभाळाच्या तुकड्यांचं मोल केवढं, हे वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षीचं एक काम माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत प्रामाणिक काम आहे. मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार लिनियस ट्राइप याने तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या विमानाच्या पायथ्याचे शिलालेख टिपले. राजराज चोळाचं हे मंदिर १०१० च्या सुमाराचं. त्याच्या जोत्याभोवती तमिळ अक्षरांच्या ओळी पट्ट्यासारख्या धावतात. एका जागी उभं राहून कॅमेरा वळवला असता तर दूरची अक्षरं चेपली असती. ट्राइपने कॅमेरा जोत्याला समांतर सरकवत नेला, अंतर तेच ठेवलं आणि एकवीस प्रिंटा एकापुढे एक लावल्या. लांबी सुमारे एकोणीस फूट. ते चित्र बघणारा माणूस वाचत चालतो. याच देवळाच्या आवारात दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे आणि मराठी माणूस तंजावरला गेला की तो बघायला जातोच. तिथे मी माझ्या साध्या डिजिटल कॅमेऱ्याने ट्राइपच्या रीतीने भिंतीला समांतर सरकत फोटो घेतले. भिंत सपाट असल्यामुळे ते जमतं. खांब, कोनाडे आले, म्हणजे पुढे-मागे असलेल्या गोष्टी आल्या, की ही रीत लगेच बिघडते.

का बिघडते ते सांगते, कारण पुढची गोष्ट त्यावर उभी आहे. एक डोळा मिटा, बोट नाकासमोर धरा आणि डोकं बाजूला सरकवा. बोट मागच्या भिंतीवरून सरकतं. कॅमेऱ्याचंही तेच. तो जागेवरून हलला की जवळचं झाड दूरच्या घराच्या तुलनेत सरकतं. मग दोन फोटो कसेही फिरवा, वाकवा, झाड जुळवलं तर घर जुळत नाही, घर जुळवलं तर झाड दोनदा दिसतं. हे टाळायचं तर कॅमेरा भिंगातल्या एका ठराविक बिंदूभोवतीच वळायला हवा. फोटोवाले त्याला नोडल पॉइंट म्हणतात. समोरून बघताना भिंगाचं छिद्र जिथे असल्यासारखं दिसतं ती ही जागा. ट्रायपॉडचा स्क्रू कॅमेऱ्याच्या बुडाशी असतो, बिंदू त्याच्या बराच पुढे, भिंगात. त्यामुळे नुसत्या ट्रायपॉडवर कॅमेरा वळवला तरी बिंदू गोल गोल फिरत राहतो. मी ॲल्युमिनियमच्या अँगलचा एक कंस फॅब्रिकेटरकडून करून घेतला, त्यावर कॅमेरा उभा बसतो आणि मागे सरकवता येतो. दोन काठ्या एकामागे एक रोवायच्या, कॅमेरा डावीकडे-उजवीकडे वळवून बघायचा आणि पुढची काठी मागच्या काठीवरून हलेनाशी होईपर्यंत कॅमेरा सरकवायचा. दूरचे डोंगर घ्यायचे असतील तर एवढा खटाटोप लागत नाही. हरिश्चंद्रगडावर कोकणकडा हातात कॅमेरा धरूनही नीट जुळतो. पण पायाशी कारवीची झुडपं आली की कंस बाहेर काढावाच लागतो.

एडवर्ड मायब्रिजचं सॅन फ्रान्सिस्को मी अनेकदा तुकड्या तुकड्याने बघितलं आहे. धावत्या घोड्याचे फोटो घेणारा हाच तो मायब्रिज. १८७७ मध्ये त्याने मार्क हॉपकिन्स या रेल्वेमालकाच्या टेकडीवरल्या वाड्यातून अकरा तुकड्यांत शहराची पूर्ण फेरी घेतली आणि १८७८ मध्ये तीच पुन्हा घेतली, या वेळी मोठ्या काचांवर, तेरा तुकड्यांत, सुमारे सतरा फूट लांब. ओल्या काचांचं तंत्र होतं. काच जागेवरच रसायनात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. त्यामुळे एका फेरीला काही तास लागले. सावल्या बघत गेलं की सूर्य सरकताना दिसतो. आणि त्यातला एक तुकडा या क्रमात बसत नाही. त्याच्यातल्या सावल्या दिवसाच्या बऱ्याच नंतरच्या वेळेच्या आहेत. ती काच पुन्हा घ्यावी लागली असणार. तेरा तुकडे वेगवेगळे आहेत म्हणून हे आपल्याला कळतं. एकसंध केलेल्या चित्रात आभाळ आणि भिंतींचा उजेड सारखा करताना तो पुरावा पुसला गेला असता. १९०६ च्या भूकंपाने आणि आगीने त्या शहराचा मोठा भाग नाहीसा केला, हॉपकिन्सचा वाडाही जळाला, म्हणून त्या सावल्यांना आणखी किंमत आहे.

फिरत्या कॅमेऱ्याची वाट पुढे ‘सर्कट’ नावाच्या यंत्रापर्यंत गेली. १९०४ मध्ये त्याचं पेटंट झालं. कॅमेरा चावीच्या जोरावर स्वतःभोवती फिरतो आणि आत फिल्म उलट्या दिशेने सरकत जाते. पलटणी, कारखान्याचे कामगार, शाळा यांचे लांबच लांब गटफोटो अमेरिकेत याच यंत्राने निघायचे. माणसांना कमानीत उभं करायचं, म्हणजे फोटोत रांग सरळ येते. आणि कॅमेरा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत एखादा चपळ मुलगा मागून धावत जाऊन दुसऱ्या टोकालाही उभा राहायचा आणि फोटोत दोनदा यायचा. आज मोबाइल आडवा फिरवून मुलं घेतात तो पॅनोरमा याच घराण्यातला, आणि तीच खोड त्यातही करता येते.

जोडणाऱ्यांच्या वाटेवरचं एक फार लांबचं ठिकाण चंद्र. १९६६ मध्ये सर्व्हेयर-१ हे यान चंद्रावर उतरलं आणि त्याच्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्याने अकरा हजारांहून अधिक छोटी चित्रं पृथ्वीवर पाठवली. सर्व्हेयर मालिकेतली चित्रं छापून माणसांनी ती गोलाच्या आतल्या पृष्ठभागावर एकेक करून चिकटवली, कारण सपाट पुठ्ठ्यावर ती जुळत नव्हती. बार्करची गोल भिंतच ती, फक्त बरीच लहान. त्या कामाचे फोटो बघताना मला आमच्या ऑफिसची आठवण आली. कात्री, डिंक आणि वाकलेली मान सगळीकडे सारखीच. मग अपोलोचे अंतराळवीर गेले. त्यांचा हॅसलब्लाड कॅमेरा छातीवर बसवलेला असायचा, डोळा लावून बघायची सोय नव्हती. ठरल्या जागी उभं राहून थोडं थोडं वळत फोटो घ्यायचे, असा त्यांच्या कामाचा भागच होता. साहजिकच कॅमेरा वळायचा तो अंगाभोवती, नोडल पॉइंटभोवती नव्हे. जवळचे दगड त्यामुळे नीट जुळत नसत. पण मूळ फिल्म जपून ठेवली होती. काही दशकांनी ती उत्तम प्रतीने स्कॅन झाली आणि डिजिटल तंत्राने तेच फोटो पुन्हा जोडले गेले, आधीच्यापेक्षा कितीतरी चांगले. नुसती जोडलेली चित्रं ठेवून फिल्म टाकून दिली असती तर त्या काळचं जोडकाम हेच कायमचं सत्य होऊन बसलं असतं.

संगणक या धंद्यात आला तो टप्प्याटप्प्याने. १९९५ मध्ये ॲपलचं क्विकटाइम व्हीआर आलं आणि पडद्यावर चारी बाजूंना फिरवता येणारी चित्रं लोकांनी पाहिली. १९९८ मध्ये जर्मनीतले प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी पॅनोरमा टूल्स ही प्रणाली लिहून फुकट वाटली. पुढची बरीच साधनं, त्यांत आजही विनामूल्य मिळणारं हगिन, त्या पायावर उभी राहिली. मी निवृत्तीच्या आधी संगणकावर काम शिकले ते नकाशांसाठी, पण घरी बसून शिकले ते हे. तेव्हा दोन फोटोंमधले सारखे बिंदू हातानेच दाखवावे लागत. या फोटोतलं खिडकीचं टोक म्हणजे त्या फोटोतलं हे टोक, असं एकेका जोडाला आठ-दहा ठिकाणी. मला ते काम आवडायचं. ब्लेड कुठून न्यायचं हे ठरवायच्या आधी आम्ही डोळ्यांनी जे करत होतो तेच ते.

हे बिंदू यंत्राने आपणहून शोधावेत यासाठी लागलेलं मोठं काम कॅनडातल्या व्हँकुव्हरचं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये एक रीत मांडली: फोटोतल्या ठळक खुणांचं असं वर्णन आकड्यांत करायचं, की फोटो वळला किंवा लहान-मोठा झाला तरी खूण ओळखू यावी. २००३ मध्ये मॅथ्यू ब्राउन आणि लो यांनी दाखवलं, की फोटोंचा विस्कळीत ढीग दिला तरी कुठला फोटो कुणाच्या शेजारचा, हे यंत्र स्वतः ओळखू शकतं. चुकीच्या जोड्या गाळण्यासाठी त्यांनी फिशलर आणि बोल्स यांची १९८१ ची युक्ती वापरली. मोजक्या जोड्या यदृच्छेने उचलायच्या, त्यांवरून कॅमेरा किती वळला याचा अंदाज बांधायचा आणि बाकीच्यांपैकी कितींना तो अंदाज मान्य आहे ते मोजायचं. सर्वांत जास्त मतं मिळाली तो अंदाज खरा.

शेवटी जोड झाकायचा प्रश्न. १९८३ मध्ये बर्ट आणि अॅडेलसन यांनी दिलेलं उत्तर मला आमच्या पॉलिश पेपरचा मोठा भाऊ वाटतं. चित्राचे थर करायचे. आभाळाच्या उजेडासारखे सावकाश बदलणारे थर रुंद पट्ट्यात एकमेकांत मिसळायचे. पानं, विटा, अक्षरं असे बारीक तपशील मात्र अरुंद पट्ट्यात. उजेडाचा फरक विरून जातो आणि तपशील दुहेरी होत नाही. इतकं सुंदर जोडकाम कुठल्याही माणसाच्या हाताने होणार नाही. शिवाय आजची साधनं जोडाची रेघ कुठून न्यायची तेही ठरवतात, जिथे दोन फोटोंत कमीत कमी फरक आहे तिथून. चालणारा माणूस एका फोटोत असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर रेघ त्याला वळसा घालते आणि तो चित्रात राहतो किंवा नाहीसा होतो. हे कुणी ठरवलेलं नसतं आणि चित्रात त्याची खूणही राहत नाही. निसर्गदृश्यासाठी मला त्याचं काही वाटत नाही. नोंदीच्या चित्रासाठी वाटतं, आणि फार वाटतं.

त्याचं कारण एका दरीचा फोटो. धरण पुरं होऊन पाणी अडलं त्याला बरीच वर्षं झाली होती. आमच्या ऑफिसात जुनी कागदपत्रं निकाली निघत होती तेव्हा पुठ्ठ्यावरची जोडचित्रं आणि निगेटिव्हची पाकिटं मी वरिष्ठांच्या परवानगीने ठेवून घेतली होती. बुडीत गावातले एक आजोबा नातवाबरोबर घरी आले. पुनर्वसनाच्या गावात राहत होते. त्यांना त्यांचं घर बघायचं होतं, कारण जुन्या घराचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. मी पुठ्ठा काढला. देऊळ त्यांनी लगेच ओळखलं. पार, चावडी, ओढा, पांदीची वाट, सगळं बोटाने दाखवत गेले. घराच्या जागी आंब्याचं झाड होतं. “झाड आमचंच आहे बाई,” ते म्हणाले, “पण घर झाडाच्या मागं नव्हतं, बाजूला होतं.”

मी निगेटिव्हचं पाकीट काढलं. टेकडीवर फोटो घेताना अभियंता दोन फोटोंच्या मधे काही पावलं उजवीकडे सरकला होता. समोर काही आडवं आलं असेल. डाव्या फोटोत आंबा घराच्या बरोबर पुढे आला होता. उजव्या फोटोत तो बाजूला झाला होता आणि घर पूर्ण दिसत होतं, कौलं, ओटा, कुडाचा गोठा. जोडताना मी नियमाप्रमाणे ब्लेड बांधाच्या कडेने नेलं होतं आणि डावा कागद वर घेतला होता. उजव्या फोटोतलं घर त्याच्याखाली गेलं. माझ्या हिशेबी तिथे घर नव्हतंच, झाड होतं. जोड उत्तम बसला होता.

दोन्ही निगेटिव्ह मी स्कॅन केल्या आणि संगणकाला जोडायला दिल्या. त्यानेही झाडच ठेवलं. आंबा दोन ठिकाणी येऊ नये म्हणून त्याने एकच फोटो निवडला, आणि तो डावा निघाला. मग मी जोडायचा नाद सोडला आणि त्यांना दोन वेगळ्या प्रिंटा काढून दिल्या. नातवाने विचारलं, या दोन का. आजोबांनीच त्याला सांगितलं, की एकात झाड आहे आणि एकात घर.

त्यानंतर मी रीत बदलली. जोडलेलं चित्र हवंच. दरीचा आवाका त्याशिवाय कळत नाही, आणि धरणाची उंची कुठे येणार हे एका नजरेत दाखवायला दुसरं साधन नाही. पण प्रत्येक चित्राबरोबर मूळ फ्रेम्स न कापता, न उजळता, त्यांच्या क्रमाने ठेवायच्या. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोवर सेकंदापर्यंत वेळ नोंदवतो. फाइलची नावं बदलताना ती नोंद पुसू द्यायची नाही. जोडायच्या साधनात काम प्रकल्प म्हणून साठवता येतं, त्यात कुठला फोटो किती वळवला आणि जोड कुठून गेला हे लिहिलेलं राहतं. ती फाइल चित्राशेजारीच ठेवायची. तरुण अभियंते आता ड्रोनने शेकडो फोटो घेतात आणि एकच एकसंध नकाशा हाती देतात. जागा अडते म्हणून शेकडो मूळ फोटो पुसू नका, हे मी भेटेल त्याला सांगते. सिनसिनाटीचे आठ पत्रे वितळवून एकच मोठा पत्रा केला असता तर एक पंचावन्नचं घड्याळ कुणाला वाचता आलं असतं?

माझ्याकडची पाकिटं अजून संपलेली नाहीत. बऱ्याच पाकिटांवर नुसते सर्वेक्षणाचे क्रमांक आहेत, गावांची नावं नाहीत. पुनर्वसनाच्या गावांतली जुनी माणसं येतात, स्कॅन केलेल्या फ्रेम्स पडद्यावर एकेक करून बघतात आणि सांगतात ते मी पाकिटावर लिहिते: कुणाचा मळा, कुठला वाडा, कोणत्या वाडीकडची वाट. दोन फ्रेम्समध्ये येणारा भाग आम्ही दोन्हीकडे बघतो.